पहिल्यांदाच कवितास्पर्धेत उतरायचं आहे. कुठे पाठवू, काय बघू?

कांदेनवमी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

मी निफाड तालुक्यातली. एका आडतीच्या दुकानात हिशोबपट्ट्या लिहिते. कविता शाळेपासून लिहितेय, पण घराबाहेर कुणाला दाखवल्या नाहीत. आता वय ३८. धाकटी पाचवीत गेली, संध्याकाळी थोडा वेळ हाताशी राहतो, आणि मनात आलं की यंदा एखाद्या स्पर्धेत कविता पाठवायचीच. बक्षीस मिळालं तर आनंद होईल, खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त हे हवंय की कविता कळणाऱ्या कुणीतरी माझी कविता नीट वाचावी आणि ही कविता आहे की नाही ते सांगावं. घरचे कौतुक करतात, पण ते माझं करतात, कवितेचं नाही.

सध्या माझ्यापुढे तीन गोष्टी आहेत. जिल्ह्यातल्या एका वाचनालयाची अष्टाक्षरी (प्रत्येक ओळीत आठ अक्षरं) स्पर्धा: फी नाही, कमीत कमी चार कडवी, स्वरचित आणि अप्रकाशित, दोन प्रती टपालाने पाठवायच्या. दुसरा एक व्हॉट्सअॅप समूह आहे. तिथे रोज विषय देतात आणि रोज निकाल लावतात. तिसरा 'राज्यस्तरीय काव्यस्पर्धा व प्रातिनिधिक काव्यसंग्रह', त्याचं सहभाग शुल्क ८०० रुपये. निवड झाली तर संग्रहात दोन पानं, सन्मानचिन्ह आणि प्रमाणपत्र मिळणार. मैत्रीण म्हणते तिसऱ्यात भर, पुस्तकात नाव येईल.

अष्टाक्षरी स्पर्धेसाठी लिहिलेली कविता खाली देते. विषय 'आई' आहे, आणि चाळ म्हणजे कांदा साठवायची चाळ. मोकळेपणाने सांगा, मी वाईट वाटून घेणार नाही.

आई बसते चाळीत
निवडते गोल्टी कांदा
भाव पडला तरीही
तिचा चुकेना हो धंदा

सालपट उडताना
तिच्या केसांत अडके
रात्री विंचरता वेणी
फणीतून चाळ पडे

कष्ट तिचे जाणा सारे
अन्नदात्री हीच खरी
तिच्यामुळे शिजे अन्न
जगामध्ये घरोघरी

चौथं कडवं अजून जमलेलं नाही.

चहाबिस्किट

'फणीतून चाळ पडे'! ताई, ही ओळ वाचून मी थांबलो. पुलेशु (पुढच्या लेखनाला शुभेच्छा).

पाणंद

सुंदर. गोल्टी म्हणजे काय?

कांदेनवमी

@पाणंद, गोल्टी म्हणजे बारीक कांदा. चाळीतला उन्हाळ कांदा विकायला काढताना मोठा, मध्यम आणि गोल्टी वेगवेगळा करतात. गोल्टीला भाव कमी.

बोरीबंदर

तिसऱ्या पर्यायाबद्दल लगेच सांगतो, कारण तो अनुभव घेतला आहे. असल्या संग्रहांत 'निवड' म्हणून काही नसतं. ज्यानं पैसे भरले त्याची निवड झालेली असते. माझी कविता अशाच एका संग्रहात आली. (समूहाचं नाव घेत नाही.) शुल्क भरलं, मग 'किमान पाच प्रती घेणं बंधनकारक' असा निरोप आला, तेही पैसे भरले. पुस्तक हातात आलं तर माझ्या कवितेतलं एक कडवं गायब, आणि दोन ठिकाणी 'श' च्या जागी चौकोन. फॉन्ट बदलताना अक्षरं फुटली होती आणि कुणी मुद्रितं तपासलीच नव्हती. साठेक कवी, प्रत्येकाकडून पैसे, आणि पुस्तक एकाही दुकानात नाही. ते कवींच्याच घरी गेलं.

८०० रुपयांत चार उत्तम कवितासंग्रह येतात. ते घ्या.

दूरदेशी

बोरीबंदर यांना अनुमोदन, पण एक भर घालते. असे संग्रहवाले 'आयएसबीएनसह पुस्तक' असं ठळक अक्षरांत लिहितात, जणू काही तो पुरस्कारच आहे. आयएसबीएन हा पुस्तक ओळखण्याचा क्रमांक आहे. भारतात तो सरकारी राजा राममोहन रॉय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. त्याचा कवितेच्या दर्जाशी काडीचा संबंध नाही, आणि त्यासाठी वेगळे पैसे मागत असतील तर सरळ नाही म्हणा.

रोजचा_शब्द

मी व्हॉट्सअॅप समूहांची बाजू मांडणार आहे, कारण मी तिथूनच शिकलो.

ताई, रोज सकाळी विषय येतो आणि रात्री नऊपर्यंत कविता द्यायची असते. या सक्तीने माझा हात चालू झाला. आमच्या समूहात आठवड्यातून एक दिवस वृत्त-छंदाचा असतो. भुजंगप्रयात, आनंदकंद, देवप्रिया, मोठा अभंग, असं एकेक घेतात. मला लगावली (लघु-गुरूंचा क्रम) म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. आता मनाचे श्लोक म्हणताना लगागा लगागा लगागा लगागा आपोआप ऐकू येतं. ज्या ताई हे शिकवतात त्या एक रुपया घेत नाहीत.

एवढं मात्र खरं की निकालाला किंमत देऊ नका. सर्वोत्कृष्ट, उत्कृष्ट, प्रथम, द्वितीय, लक्षवेधी, उत्तेजनार्थ मिळून रोज निम्म्या लोकांना प्रमाणपत्र मिळतं. त्या फुलापानांच्या प्रमाणपत्रांनी फोन भरतो. सराव म्हणून जा, निकाल बघूच नका.

अक्षरगण

कांदेनवमी, नमस्कार. मी निवृत्त मराठी शिक्षक. शालेय, महाविद्यालयीन आणि वाचनालयांच्या स्पर्धांसाठी परीक्षक म्हणून पुष्कळदा बसलो आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडे काय होतं ते सांगतो.

नीट चालणाऱ्या स्पर्धेत परीक्षकाकडे कविता नावाशिवाय येते. कवितेच्या कागदावर फक्त क्रमांक, आणि नाव-पत्ता वेगळ्या कागदावर. तुमच्या वाचनालयाच्या पत्रकात तशी सूचना आहे का ते बघा. परीक्षकांची नावं आधी किंवा निदान निकालासोबत जाहीर होतात का, तेही बघा. परीक्षक कोण हे जिथे शेवटपर्यंत कळत नाही, तिथे तुमची कविता कुणी वाचली हेही तुम्हाला कळणार नाही.

आता परीक्षक काय करतो? मी पहिल्या वाचनात तीन गठ्ठे करतो: नको, बघू आणि ठेवायची. 'नको' मध्ये जाणाऱ्या कविता बहुतेक वेळा एकाच कारणाने जातात, ते म्हणजे त्या कुणीही लिहू शकलं असतं. 'आई' विषय दिला की वात्सल्यसिंधू, मायेचा सागर, देवाने पाठवलेली, दिव्यासारखी जळणारी अशी आई ओळीने येते. पन्नास कविता वाचल्यावरही त्यातल्या एकाही आईचा चेहरा डोळ्यांपुढे येत नाही. मग एखाद्या कवितेत केसांत कांद्याचं सालपट अडकलेली बाई येते आणि परीक्षक पाठ सरळ करून बसतो. तुमचं दुसरं कडवं तसं आहे. ते कडवं फक्त तुम्हीच लिहू शकला असता.

पहिलं कडवं अर्धं चांगलं आहे. पहिल्या दोन ओळींत चाळ दिसते. पुढे 'धंदा' आला तो केवळ 'कांदा' होता म्हणून, आणि 'हो' आलं ते एक अक्षर कमी पडत होतं म्हणून. ही भरतीची अक्षरं परीक्षकाला लगेच दिसतात. हो, रे, ग, तो, ती, हा, आणि 'येतसे, करीतसे' सारखी रूपं. यमकाचा पहिला शब्द जो हाताला लागतो तो आपण सगळेच घेतो. थोडं थांबून दुसरा, तिसरा शोधायचा.

तिसरं कडवं अक्षरसंख्येत चोख, यमकात चोख, आणि तरीही तेच काढून टाका असं मी म्हणेन. दोन कडव्यांत जी बाई आम्हाला दिसली, तिच्याबद्दल आता तुम्ही भाषण करता. 'अन्नदात्री हीच खरी' हे आम्हाला कळलेलं असतं.

गावकूस

सरांचा आदर ठेवून असहमत. मीही स्पर्धांत भाग घेतो. प्रत्यक्षात बक्षिसं तिसऱ्या कडव्यासारख्या कवितांनाच मिळतात. संदेश हवा, सकारात्मक शेवट हवा. काही पत्रकांत तर 'कवितेतून सामाजिक संदेश जावा' अशी अटच छापलेली असते. ताईंना बक्षीस हवंय, मग त्यांनी जे चालतं ते का देऊ नये?

अक्षरगण

@गावकूस, तुमचं म्हणणं नाकारत नाही. असे परीक्षक आहेत, आणि मीही अशा मंडळात बसलो आहे जिथे माझ्या पसंतीची कविता दोन विरुद्ध एक मतांनी मागे पडली. पण बाईंनी सुरुवातीलाच लिहिलं आहे की त्यांना त्यांची कविता नीट वाचली जायला हवी आहे. उपदेशाच्या कडव्यामुळे बक्षीस मिळालं, तरी फणीची ओळ कुणी वाचली का, हे त्यांना कळणारच नाही.

जास्वंद

मी कविता लिहीत नाही, वाचते. एकच सांगायचं होतं. वेणी विंचरत नाहीत. वेणी सोडतात आणि केस विंचरतात. ती ओळ वाचताना मी जरा अडखळले. बाकी कडवं इतकं खरं आहे की ही एक गोष्ट डोळ्यांत येते.

कांदेनवमी

जास्वंदताई, किती बरोबर बोललात! रोज करते ती गोष्ट लिहिताना निसटली. बदललं:

रात्री सोडताना वेणी
फणीतून चाळ पडे

अक्षरं मोजली, आठ होतात.

अक्षरगण सर, तुमचं पोस्ट मी दोनदा वाचलं, मग यजमानांना वाचून दाखवलं. पत्रकात परीक्षकांची नावं आहेत, तिघे आहेत आणि त्यातल्या एका बाईंचा संग्रह मी वाचलेला आहे. कवितेच्या कागदावर नाव घालू नये अशी सूचनाही आहे. तिसऱ्या कडव्याबद्दल मनाची तयारी व्हायला वेळ लागेल. मला तेच सगळ्यात जमलेलं वाटत होतं.

अभंगवाणी

अष्टाक्षरीबद्दल थोडं, कारण धागा वाचणाऱ्या नव्या लोकांना उपयोगी पडेल.

ओळीत आठ अक्षरं, चार ओळींचं कडवं, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत यमक. मोजताना जोडाक्षर एकच धरायचं. 'गोल्टी' दोन अक्षरं, 'तिच्या' दोन. अनुस्वार वेगळा मोजत नाहीत. लघुगुरूचं बंधन नाही, म्हणून ती सोपी वाटते. पण नुसती आठ अक्षरं भरली म्हणजे चाल येत नाही. आपले अभंग अक्षर मोजूनच चालतात आणि म्हणताना चालीत बसतात. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरं येतात. तेव्हा कविता मोठ्याने म्हणा, टाळी धरून म्हणा. 'निवडते गोल्टी कांदा' चार-चार पडते, 'सालपट उडताना' चार-चार पडते, ऐकायला छान लागतात. 'तिचा चुकेना हो धंदा' म्हणताना जीभ 'हो' वर आपटते.

आता यमक. दुसऱ्या कडव्यात 'अडके' आणि 'पडे' हे यमक कच्चं आहे, फक्त शेवटचा ए जुळतो. अष्टाक्षरीच्या स्पर्धेत याचे गुण नक्की जातील. सोपा उपाय: 'तिच्या केसांमध्ये दडे'. आठ अक्षरं, आणि दडे-पडे पक्कं.

गझलवेडा

+१. नियमांची स्पर्धा असेल तर नियम आधी. गझल स्पर्धेतही हेच होतं. मतला (दोन्ही ओळींत यमक असलेला पहिला शेर) नाही, काफिया (यमक) चुकलेला, तीनच शेर, आणि वर लिहिलेलं 'गझल'. किमान पाच शेर, प्रत्येक ओळ एकाच वृत्तात, रदीफ (यमकानंतर परत येणारा शब्द) शेवटपर्यंत तोच. सुरेश भटांनी नवोदितांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहून ठेवली आहे. छोटीशी आहे, एका बैठकीत वाचून होते. तरीही ती न वाचता लोक स्पर्धेत उतरतात.

जास्वंद

'दडे' मला नाही पटलं. सालपट दडत नाही.

कांदेनवमी

मलाही तेच वाटलं. कांद्याचं साल केसांत दडत नाही, अडकतं. ओढलं की तुकडा पडतो आणि अर्धं आतच राहतं, म्हणून तर रात्री फणी लागते. अभंगवाणी दादा, यमक पक्कं होईल हे कळतंय, पण मग ते माझ्या आईच्या केसांतलं राहत नाही. 'अडके' च ठेवते. गुण गेले तर जाऊ देत.

अक्षरगण

उत्तम. आणि एक लक्षात ठेवा. 'स्वरचित' ही अट आहे. वेणीची चूक दाखवणं हे वाचकाचं काम, संपादकही तेच करतो. ओळ मात्र तुम्ही स्वतः बांधलीत, हे योग्य झालं. इथे कुणी आख्खी ओळ बांधून दिली तर ती घेऊ नका, कितीही चांगली असली तरी.

नियमावली

एक अडचण कुणाच्याच ध्यानात आलेली दिसत नाही. अट 'अप्रकाशित' अशी आहे आणि कविता आता या धाग्यावर आहे. बऱ्याच स्पर्धांत फेसबुक, ब्लॉग, व्हॉट्सअॅप स्टेटस हे सगळं 'प्रकाशित' धरतात. दिवाळी अंकांच्या बाबतीत तर संपादक याबद्दल फार काटेकोर असतात. ताई, आयोजकांना आधी विचारा.

कांदेनवमी

अरे देवा. उद्याच फोन करते.

वकीलवाडी

फोन करताना हक्कांबद्दलही विचारा. पेशाने वकील आहे म्हणून सांगतो.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यानुसार कविता लिहिली की तिचा पहिला मालक कवी. नोंदणी करावीच लागते असं नाही. हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. हा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्यात कोणता हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी हे यायला हवं. काळ लिहिला नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत.

कित्येक स्पर्धांच्या पत्रकात शेवटी बारीक अक्षरांत 'प्राप्त कवितांचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील' असं असतं. नुसतं पत्रकात छापल्याने तुमचे सगळे हक्क कायमचे जात नाहीत. पण प्रवेशिकेवर खाली 'अटी मान्य' असं लिहून तुमची सही घेत असतील, तर सही करण्यापूर्वी प्रत्येक ओळ वाचा. निवडलेल्या कविता एकदा स्मरणिकेत छापायची परवानगी मागणं रास्त आहे. सगळ्या कवितांचे सगळे हक्क मागणं रास्त नाही. आणि एक कलम खास लेखकांसाठी आहे. हक्क विकला तरी कवितेखाली आपलं नाव असण्याचा, आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड होऊ न देण्याचा अधिकार कवीकडेच राहतो.

पाठवलेल्या प्रत्येक कवितेची तारखेसह एक प्रत स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. फुकट आहे आणि वेळेला कामी येतं.

चहाबिस्किट

वाचनखूण साठवली.

गावकूस

एक मूलभूत प्रश्न. हे सगळं करायचंच कशाला? बहिणाबाईंनी कुठे स्पर्धेत कविता पाठवली होती? खरी कविता आपोआप लोकांपर्यंत जाते.

पिंपळपार

आपोआप गेली नाही हो. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या म्हणायच्या, आणि ते उतरवून घेणारे घरात होते. मुलगा सोपानदेव स्वतः नावाजलेला कवी. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ साली पुस्तक आलं. ती वही त्या हातांत पडली नसती तर आज आपल्याला एक ओळ माहीत नसती. तशा किती जणींच्या ओळी गेल्या असतील, ते कुणी मोजलेलं नाही. प्रत्येक घरात सोपानदेव नसतो. नसेल तर वाचणारा शोधायला घराबाहेर पडावं लागतं, आणि स्पर्धा हा त्याचा एक रस्ता आहे.

आणि कांदेनवमी, तुम्ही निफाडच्या म्हणून आवर्जून सांगतो. कुसुमाग्रजांचं बालपण तुमच्याच तालुक्यात, पिंपळगाव बसवंतला गेलं. त्यांचा 'विशाखा' संग्रह १९४२ चा, तो वि. स. खांडेकरांनी स्वतःच्या खर्चाने काढला. ज्यांच्या जन्मदिवशी, २७ फेब्रुवारीला, आपण मराठी भाषा गौरव दिन पाळतो, त्यांनाही एका जाणत्या वाचकाने पुढे आणलं. आज नाशिकला मुक्त विद्यापीठ नव्या कवींच्या पहिल्या संग्रहाला 'विशाखा' नावाने पुरस्कार देतं. पुढे संग्रह काढलात तर लक्षात असू द्या.

दूरदेशी

पुढचंच बोलायचं तर राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या काव्यसंग्रहासाठी बहिणाबाईंच्या नावाचा वेगळा पुरस्कार आहे. आणि पुस्तक काढायला पैसे नसतील तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्यांचं एकही पुस्तक आलेलं नाही त्यांच्यासाठीच ती आहे. हस्तलिखित पाठवायचं, ते तज्ज्ञ वाचतात. इथे पैसे मागत नाहीत, देतात. ८०० रुपयेवाल्या संग्रहापेक्षा हा रस्ता लांबचा आहे, पण कवीने चालावा असा आहे.

कांदेनवमी

पुस्तकापर्यंत माझी उडी अजून नाही, पण लिहून ठेवलं. खरं सांगू का, ३८ व्या वर्षी सुरुवात म्हणजे उशीर झाला असं सारखं वाटतं. सगळीकडे 'युवा कवी', 'युवा साहित्यिक' असंच दिसतं.

पिंपळपार

साहित्य अकादमीच्या युवा पुरस्काराला ३५ ची मर्यादा आहे, तो एक तेवढा गेला. त्यानेही कवितेचं काही बिघडत नाही. नारायण सुर्व्यांचा जन्म १९२६ चा आणि पहिला संग्रह 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ चा. त्याआधी गिरणीत, शाळेत मिळेल ते काम केलं. तुमच्यात आणि त्यांच्यात दोन-तीन वर्षांचंच अंतर.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितो. इथे मराठी आणि कोकणी दोन्हीत लिहिणारे पुष्कळ, कवी बाकीबाब बोरकर त्यांतलेच. माझी सूचना बोलीबद्दल आहे. ताई, तुमच्या कवितेत गोल्टी आहे, चाळ आहे. कुणीतरी सांगेल की परीक्षकाला कळणार नाही, 'लहान कांदा' लिही. नका बदलू. हवी तर तळटीप द्या. शब्द तुमच्या गावचा असेल तर वाचणारा एक पाऊल पुढे येऊन तो समजून घेतो. इथेच बघा, पाणंद यांनी लगेच विचारलं.

पाणंद

हो, आणि अर्थ कळल्यावर ओळ जास्त आवडली. ज्याला भाव कमी तेच आई निवडत बसली आहे.

कांदेनवमी

वाचनालयात फोन लागला. तिथल्या बाई फार नीट बोलल्या. छापील अंकात, पुस्तकात किंवा स्मरणिकेत आलेली कविता चालणार नाही. चर्चेसाठी दाखवलेली असेल तर हरकत नाही, म्हणाल्या. हक्कांचं विचारलं. विजेत्या कविता स्मरणिकेत छापतात, बाकी काही नाही, आणि तसं पत्रकात लिहायला हवं होतं हेही त्यांनी मान्य केलं.

मग मी विचारलं की निकालानंतर परीक्षक कवितेबद्दल काही सांगतात का. म्हणाल्या, बक्षीस समारंभाला तिन्ही परीक्षक येतात, आणि समारंभ संपल्यावर कुणी आपली कविता घेऊन गेलं तर बसून बोलतात. बक्षीस नसलं तरी. दर वर्षी चारपाच जणच थांबतात, बाकीचे फोटो काढून जातात. मी ठरवलंय, निकाल काहीही लागो, मी जाणार.

काल रात्री पहिलं कडवं बदललं. तिसरं काढलं. अवघड गेलं, पण काढल्यावर दुसऱ्या कडव्याला मोकळी हवा मिळाल्यासारखं वाटलं. त्या जागी नवं लिहिलंय:

आई बसते चाळीत
निवडते गोल्टी कांदा
पोत्यावर पाय लांब
अवघडे तिचा खांदा

सालपट उडताना
तिच्या केसांत अडके
रात्री सोडताना वेणी
फणीतून चाळ पडे

वीज चमकली की ती
ताडपत्री शोधू लागे
झोपलेल्या घरातून
तिची बॅटरीच जागे

चौथं होईल. भावाबद्दल लिहायचंय, लिलावाच्या दिवशी आई काय करते त्याबद्दल. पण ते आता इथे टाकणार नाही, थेट पाठवते.

अक्षरगण

'तिची बॅटरीच जागे'. बाई, हे भाषण नाही. ही कविता आहे.

चौथं कडवं दाखवू नका, बरोबर आहे. लिहिताना एवढंच पाहा, आई काय करते तेच येऊ दे. तिला काय वाटतं ते आम्ही समजून घेऊ.

अभंगवाणी

कांदा-खांदा छान बसलं. 'वीज चमकली की ती' या ओळीत शेवटी 'की ती' जरा आदळतं, एकदा मोठ्याने म्हणून बघा. 'अडके' बद्दल माझं मत कायम आहे, पण कविता तुमची.

बोरीबंदर

शेवटची तांत्रिक गोष्ट. टाइप करून देणार असाल तर युनिकोडमध्येच करा. मजकूर जुन्या फॉन्टमध्ये असला की दुसऱ्या संगणकावर अक्षरं फुटतात. सजावटीची किनार, फुलं, रंगीत अक्षरं काही नको. पांढरा कागद, मोठा ठसा, कडव्यांमध्ये एक ओळ मोकळी. प्रिंट काढल्यावर अक्षर न् अक्षर स्वतः तपासा.

कांदेनवमी

आमच्या दुकानातल्या संगणकावर जुनाच फॉन्ट आहे, म्हणून फोनवर टाइप करून तालुक्याला प्रिंट काढणार. बाजार समितीला सुट्टी आहे त्या दिवशी जाते, तिथूनच टपालात टाकते. मुदत महिनाअखेरपर्यंत आहे.

नियमावली

स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा. 'पोहोचलंच नाही' असं उत्तर मला एकदा आलं होतं, आणि पावती होती म्हणून प्रवेशिका धरली.

जास्वंद

बक्षीस समारंभाची तारीख कळली की इथे टाका. मी नाशिकलाच असते, ऐकायला येईन.